औषध दिले, पण सांगायचे कोणी?

"साहेब, एकही गोळी चुकवली नाही हो मी!" रुग्णालयाच्या खाटेवरून आमची एक भगिनी मला हे सांगत होती. तेव्हा तिच्या अंगावरची कातडी भाजल्यासारखी सुटत होती, ओठ फाटले होते आणि डोळे उघडत नव्हते. आपल्या हातून काही चूक झाली असेल, म्हणून हे भोग आले, असे तिला वाटत होते. चूक तिची नव्हती. दिलेले औषध तिने प्रामाणिकपणे घेतले, एवढेच तिने केले होते.

ही भगिनी कंत्राटी सफाई कामगार. तिला फिट येत असे. एका रुग्णालयाच्या ओपीडीत तपासून डॉक्टरांनी कार्बामाझेपिन नावाची गोळी लिहून दिली. गोळी योग्यच होती, कारण फिटच्या आजारावर ती जगभर वापरली जाते. "एकही दिवस चुकवायची नाही," असे डॉक्टरांनी बजावले. तेही बरोबरच, कारण फिटची गोळी मनाने बंद केली तर आकडी पुन्हा जोराने येऊ शकते. पण या गोळीने काही थोड्या रुग्णांना, बहुधा पहिल्या दोन महिन्यांत, अंगावर पुरळ येते, ताप येतो, तोंड येते, आणि तसे झाले तर गोळी तिथेच थांबवून धावत दवाखाना गाठायचा असतो. ही दुसरी अर्धी गोष्ट तिला कोणी सांगितली नाही. तिसऱ्या आठवड्यात अंगावर उठले, तोंड आले. घरच्यांना वाटले उष्णता झाली. सब्जा पाजला, कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घातली आणि गोळी चालू ठेवली. 'चुकवायची नाही' एवढेच सांगितले होते ना! आणखी पाच दिवसांनी तिला उचलून आणावे लागले. जीव वाचला, पण डोळ्यांना कायमची इजा झाली. हातातले काम गेले. नववीत शिकणारी मुलगी आता आईला हात धरून नेते.

वकील म्हणून मी त्या रुग्णालयात चौकशीला गेलो. डॉक्टर म्हणाले, "दिवसाला दीडशे पेशंट तपासतो, प्रत्येकाला काय काय सांगत बसू? औषध देताना फार्मासिस्टने सांगायला हवे." औषधांच्या खिडकीवर गेलो. तिथले उत्तर, "डॉक्टरांनी लिहिले ते आम्ही दिले. आजार काय, आम्हाला काय ठाऊक?" माहितीपत्रकाचे विचारले, तर ते खोक्यात राहिले होते. पट्टी कात्रीने कापून दहा-दहा गोळ्या दिल्या जातात, पत्रक खिडकीच्या आतच राहते. आणि ते दिले असते तरी काय? मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, इंग्रजीत! घरात वाचणारी एकटी मुलगी. तिला त्यातले कितीसे कळणार? तीन ठिकाणी तीन बोटे दुसऱ्याकडे दाखवणारी. शेवटी सगळी जबाबदारी कोणाच्या अंगावर आली? जिला काहीच माहीत नव्हते, तिच्या!

म्हणून आज हा प्रश्न या स्तंभात मांडायचा आहे. नवे औषध सुरू करताना त्याचे दुष्परिणाम रुग्णाला समजावून सांगण्याची जबाबदारी कोणाची? कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे आणि ते आपल्या लोकांपर्यंत पोहोचलेले नाही.

पहिली जबाबदारी औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरची. कोलकात्यात १९९८ साली एका स्त्रीला अंगावर आलेल्या पुरळावर स्टिरॉइडची इंजेक्शने अवाजवी प्रमाणात दिली गेली. पुढे तिचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात 'मलय कुमार गांगुली विरुद्ध सुकुमार मुखर्जी' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑगस्ट २००९ रोजी स्पष्ट केले, की रुग्णांना सामान्यतः आजाराची आणि औषधाच्या दुष्परिणामांची माहिती नसते, म्हणून एखाद्या औषधाचा विपरीत परिणाम अपेक्षित असेल तर तो रुग्णाला सांगितला पाहिजे. गंभीर दुष्परिणामांची आणि पर्यायी उपचारांची कल्पना देणे हा डॉक्टरच्या कर्तव्याचाच भाग आहे, हेही न्यायालयाने मान्य केले. २०१३ साली त्याच प्रकरणात सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई मंजूर झाली. वाचकांनी एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. हा लढा लढणारा त्या स्त्रीचा पती स्वतः अमेरिकेत डॉक्टर होता आणि तरीही त्याला पंधरा वर्षे लागली. आमच्या सफाई कामगार भगिनीच्या मागे कोण आहे?

दुसरी जबाबदारी फार्मासिस्टची. फार्मसी कायदा १९४८ सालचा आहे. त्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी तर रुग्णाला काय काय समजावून सांगायचे याची यादीच दिली आहे: औषधाचे नाव, ते कशासाठी, किती व कसे घ्यायचे, नेहमी आढळणारे गंभीर दुष्परिणाम कोणते, दुसऱ्या औषधांशी त्याचे जमते का, एखादा डोस चुकला तर काय करायचे, ते ठेवायचे कसे. म्हणजे 'आम्हाला काय ठाऊक' हे खिडकीवरचे उत्तर कायद्याला मान्य नाही. पण प्रत्यक्षात गल्लीतल्या मेडिकलमध्ये भिंतीवर फार्मासिस्टचे प्रमाणपत्र टांगलेले असते आणि गोळ्या कापून देतो तो पगारी पोरगा. हे आपण रोज पाहतो आणि गप्प बसतो.

तिसरी जबाबदारी संस्थेची आणि शासनाची. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्ण हक्कांची सनद तयार केली. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क तिच्यात आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली नर्सिंग होम नोंदणीचे नियम सुधारले आणि खासगी रुग्णालयांत रुग्ण हक्कांची सनद लावणे आले. किती दवाखान्यांत ती दिसते? दिसली तर कोणत्या कोपऱ्यात? वाचकांनीच आपापल्या गावी जाऊन पाहावे. डॉक्टरने औषधाचे नाव स्वच्छ, वाचता येईल अशा अक्षरात लिहावे, हा नियम २०१६ सालचा. आजही चिठ्ठी वाचायची तर मेडिकलवाल्याकडेच जावे लागते.

कायदा असा असताना माहिती का दिली जात नाही? गर्दी हे एक कारण आहे आणि ते खरे आहे. सरकारी रुग्णालयातला निवासी डॉक्टर चोवीस-छत्तीस तास उभा असतो, हे मी नाकारत नाही. डॉक्टर म्हणजे शत्रू, अशी माझी भूमिका नाही. पण गर्दी हे पूर्ण कारण नाही. त्याच डॉक्टरच्या संध्याकाळच्या खासगी दवाखान्यात शिकलेला, सुखवस्तू पेशंट आला की त्याला खुर्ची मिळते, 'अहो' मिळते, दहा मिनिटे मिळतात. सकाळी ओपीडीत साठ वर्षांच्या आमच्या आजीला 'ए आजी, सरक पुढे, गोळ्या घे न् जा' असे ऐकावे लागते. माहिती न देण्यामागे 'यांना काय कळणार आहे' हा समज आहे. हा समज आपल्या ओळखीचा आहे. शतकानुशतके ज्ञानाच्या दारात आपल्याला याच समजुतीने अडवले गेले.

दुःखाची गोष्ट अशी, की हा समज न्यायालयाच्या निकालातही डोकावतो. १६ जानेवारी २००८ चा 'समीरा कोहली' निकाल रुग्णाच्या संमतीबाबत महत्त्वाचा आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय तिच्या शरीरावर जादा शस्त्रक्रिया करता येत नाही, उपचाराचे स्वरूप, फायदे, पर्याय आणि ठळक धोके तिला सांगितलेच पाहिजेत, हे त्याने ठामपणे सांगितले. त्याबद्दल या निकालाचे स्वागतच आहे. पण किती माहिती द्यायची, याचे माप ठरवताना न्यायालयाने देशातले बहुसंख्य रुग्ण गरीब आहेत, निरक्षर वा अर्धशिक्षित आहेत, त्यांना वैद्यकीय संज्ञा कळत नाहीत, हा मुद्दा जमेस धरला आणि रुग्णाला काय जाणून घ्यायचे आहे यापेक्षा डॉक्टरांच्या व्यवसायात काय सांगण्याची रीत आहे, याला अधिक महत्त्व दिले. न्यायालयाचा पूर्ण आदर राखून मी म्हणतो, की निष्कर्ष उलटा निघायला हवा होता. रुग्ण कमी शिकलेला असेल तर सांगणाऱ्याचे कर्तव्य वाढते, घटत नाही. शाळेत पहिल्या पिढीचे मूल आले तर शिक्षकाने जास्त शिकवायचे की 'याला कळणार नाही' म्हणून पाटी बाजूला ठेवायची? ज्या ब्रिटिश तत्त्वावर आपण हे माप उभे केले, ते ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाला माहिती देण्याच्या बाबतीत २०१५ साली 'माँटगोमेरी' निकालात सोडून दिले. आता तिथे विचारले जाते, की या रुग्णाला हा धोका महत्त्वाचा वाटला असता का? आपणही हाच प्रश्न आपल्या न्यायालयांसमोर पुन्हा नेला पाहिजे.

दुसरा आक्षेप नेहमी येतो. 'सगळे दुष्परिणाम सांगितले तर पेशंट घाबरून औषधच घेणार नाही.' या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. पत्रकावरचे पन्नास दुष्परिणाम वाचून दाखवा, अशी मागणी कोणी करत नाही. मागणी एवढीच, की नेहमी होणारे कोणते आणि धोक्याचे कोणते, हे दोन वेगळे करून सांगा. पहिल्यांना घाबरायचे नाही, दुसऱ्यांना थांबायचे नाही. क्षयरोगाचे उदाहरण घ्या. रिफाम्पिसिनने लघवी लालसर-केशरी होते. त्यात धोका काही नाही. पण आधी सांगितले नाही तर माणूस रक्त जाते आहे असे समजून औषध सोडतो, आणि अर्धवट सोडलेला क्षय औषधाला न जुमानणारा होऊन घरातल्या मुलांपर्यंत पोहोचतो. उलट इथॅम्ब्युटॉलने दिसायला अंधुक झाले, लाल-हिरवा रंग ओळखू येईनासा झाला, तर ते लगेच सांगायला हवे, नाही तर नजर जाऊ शकते. आणि एक गोष्ट आमच्या आयाबहिणींना क्वचितच कोणी सांगते. रिफाम्पिसिन चालू असताना कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही. गोळी घेऊनही दिवस गेले, तर घरात संशय कोणावर घेतला जातो? गोळीवर नव्हे, बाईवर!

हे आजार आपल्याच वस्त्यांत ठाण मांडून आहेत, म्हणून हा प्रश्न आपला आहे. विदर्भात आदिवासींबरोबर आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तपासण्या वाढल्या, हे चांगले झाले. या आजारावर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध उपयोगी आहे. त्याने वेदनांचे झटके कमी होतात. पण ते रक्तातल्या पेशी कमी करू शकते, म्हणून ठराविक काळाने रक्त तपासावे लागते. ताप आला तर अंगावर काढून चालत नाही. मूल हवे असेल तर स्त्री असो वा पुरुष, आधी डॉक्टरांशी बोलावे लागते. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींना ही गोळी देताना हे सांगितले जाते का? मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन उपाशीपोटी कामावर गेले तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, चक्कर येते. बांधकामाच्या परातीवर नाही तर पालिकेच्या गाडीवर काम करणाऱ्याला हे सांगितले नाही, तर तो पडतो आणि मुकादम म्हणतो, 'पिऊन आला असेल.'

तथागतांनी एका आजारी भिक्खूला स्वतःच्या मलमूत्रात पडलेला पाहून आनंदासह त्याला आपल्या हाताने धुतले, हा प्रसंग विनयात आहे. आपण तो करुणेचा प्रसंग म्हणून सांगतो. पण त्याच ठिकाणी तथागतांनी रुग्ण आणि शुश्रूषा करणारा या दोघांच्याही जबाबदाऱ्या सांगितल्या आहेत. शुश्रूषा करणाऱ्याला काय मानवते आणि काय बाधते, याचे ज्ञान असावे. रुग्णाने आपला आजार वाढतो आहे की उतरतो आहे, हे जसे आहे तसे सांगावे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही शिकवण दोन्ही बाजूंनी बोलण्याची आहे. एकाने फक्त आज्ञा द्यावी आणि दुसऱ्याने मान खाली घालून गिळावे, हा धम्माचा मार्ग नव्हे. कालाम सुत्तात तर मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखा, असे बजावले आहे. डॉक्टरला देव मानून हात जोडणारा समाज प्रश्न विचारू शकत नाही. आपण देव सोडले आहेत. मग पांढऱ्या कोटातला नवा देव कशासाठी?

आता कायद्याच्या वाटेबद्दल. १९९५ च्या 'व्ही. पी. शांता' निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'सेवेतील त्रुटी'ची व्याख्या करताना महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हीसुद्धा त्रुटी मानली आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही आणि आपली बाजू आपण स्वतः मांडू शकतो. पण एक खाचही आहे. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, ते रुग्णालय 'शांता' निकालानुसार ग्राहक कायद्याबाहेर राहते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले, त्याचे स्वागत. पण त्यामुळे तिथल्या गरिबाला 'तू ग्राहकच नाहीस' असे ऐकवले जाण्याचा धोका उभा राहतो. पैसे न मोजणाऱ्याचा जीव स्वस्त आहे काय? अशा वेळी दिवाणी दावा, वैद्यकीय परिषदेकडे तक्रार आणि घटनेच्या २१ व्या कलमाखाली उच्च न्यायालय, हे रस्ते उरतात. ते लांबचे आहेत, म्हणून मोफत रुग्णालयातील रुग्णासाठी जवळचे तक्रार निवारण कायद्यानेच द्यावे, ही आपली मागणी असली पाहिजे. त्याशिवाय औषधाचा त्रास झाला तर गाझियाबादच्या औषध दक्षता केंद्राला १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कोणीही कळवू शकतो. त्याने भरपाई मिळत नाही. पण नोंद होते, आणि नोंद झाली तरच पुढच्या रुग्णाला इशारा मिळतो.

चळवळीने काय करावे? आपल्या समाजातील शेकडो मुलेमुली आज फार्मसी, नर्सिंग आणि वैद्यकीय शिक्षण घेऊन बाहेर पडली आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार आपल्या वस्तीतल्या विहाराला द्यावा. वंदना झाली की लोकांनी घरातल्या गोळ्या आणि केसपेपर घेऊन बसावे आणि या मुलांनी ते मराठीत समजावून सांगावे. उपचार बदलायचे नाहीत, फक्त समजावायचे आणि शंका असेल तर डॉक्टरकडे परत पाठवायचे. प्रत्येक विहाराच्या भिंतीवर पाच प्रश्न लिहावेत. हे औषध कशासाठी? किती दिवस? याने काय त्रास होऊ शकतो? कोणता त्रास झाला तर थांबवून लगेच यायचे? माझ्या चालू गोळ्यांबरोबर आणि गरोदरपणात हे चालेल का? डॉक्टरसमोर हे पाच प्रश्न विचारायला पाच मिनिटेही लागत नाहीत. आणि शासनाकडे मागणी करावी, की औषधाच्या प्रत्येक खिडकीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत माहितीची चिठ्ठी मिळाली पाहिजे. जिथे वाचणारे नाही, तिथे तोंडी सांगून रुग्णाकडून एकदा वदवून घेतले पाहिजे. इंग्रजी कागदावर उठवलेल्या अंगठ्याला संमती म्हणायचे असेल, तर सावकाराच्या कोऱ्या कागदावरचा अंगठाही संमतीच म्हणावा लागेल!

महाडचे चवदार तळे आपल्यासाठी १९२७ साली प्रथमच खुले झाले असे नव्हे. बोले ठराव १९२३ चा होता, महाड नगरपालिकेनेही पुढच्याच वर्षी ठराव करून तळे सर्वांना मोकळे केले होते. कागदावर हक्क होता, पाण्यापर्यंत कोणी जाऊ शकत नव्हते. बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळ भरली, तेव्हा तो हक्क खरा झाला. औषधाबद्दल जाणून घेण्याचा आपला हक्कही आज असाच ठराव होऊन पडला आहे. २००९ चा निकाल आहे, २०१५ चे नियम आहेत, २०१८ ची सनद आहे. विचारायला कोणी जात नाही, म्हणून सांगायला कोणी तयार नाही.

त्या भगिनीचा दावा मी चालवतो आहे. निकाल काय लागेल तो लागो, गेलेली नजर तो परत देणार नाही. मागच्या तारखेला तिची मुलगी मला म्हणाली, "काका, त्या दिवशी खिडकीवर मीच उभी होते. विचारायला पाहिजे होतं ना मी?" नववीतल्या मुलीने स्वतःला हा प्रश्न विचारावा आणि डॉक्टर, फार्मासिस्ट, रुग्णालय यांपैकी एकानेही विचारू नये, ही आपल्या व्यवस्थेची अवस्था आहे. मी तिला सांगितले, "बाळा, सांगण्याची जबाबदारी त्यांची होती." ती चूक तिची नव्हती. पण इथून पुढे खिडकीवर उभा राहणारा आपला प्रत्येक माणूस न विचारता परत फिरला, तर त्यात आपल्या चळवळीचीही चूक असेल.

जयभीम!